मे महिना : गळाची दोरी रात्रभर नदीत ठेवू नका

उसाचं पाणी मोडून घरी जाता जाता नदीत गळाची दोरी, म्हणजे एकाच दोरीला बरेच गळ, टाकायची आणि सकाळी सवडीनं बघायची, ही कृष्णाकाठची जुनी सवय. मे महिन्यात तीच नडते. भिलवडीपासून हरिपूरपर्यंत पाणी डोहांत आटलेलं असतं. मासळी तिथंच, कासव तिथंच, पाणमांजरही तिथंच.

कासव हवेत श्वास घेतं. गळ लागला आणि दोरी दगडानं तळाशी बसली की ते वर येऊ शकत नाही, गुदमरतं. गेल्या उन्हाळ्यात एक दोरी सकाळी आठला ओढली. चाळीस गळांना दोन मासे, तेही खेकड्यांनी कुरतडलेले. शेवटच्या गळाला मऊ पाठीचं कासव, मान ताणून मेलेलं. त्याच्या धडपडीत दोरीचा असा गुंता झाला की कापूनच टाकली.

म्हणून दर दोन तासांनी दोरी बघा. झोपायचं असेल तर आधी काढून आणा. दोन तास हा माझ्या अनुभवाचा आकडा, पण बघायला गेलात तर मासाही ताजा मिळतो. दोरी डोहाच्या मध्यात नको. कडेला टाका, अडकलेल्या कासवाला नाक वर काढता येईल एवढ्याच पाण्यात.

कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की त्या दिवशी दोरी नकोच. वाहून गेलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, कुजत नाही, झुडपात अडकून जीव घेत राहते.

बाकी कामं:
- गोल गळ, टोक आत वळलेलं
- गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट
- आमिषाला कोंबडीची आतडी बंद. कणीक आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा
- तुटकी तंगूस गोळा करून घरी

समुद्रात लांब दोऱ्यांवर गोल गळ लावून माकुलाऐवजी (स्क्विडऐवजी) मासळीचं आमिष दिलं, तेव्हा कासवं कमी अडकली. पेंडीचं मात्र माझं निरीक्षण, पुस्तकातलं नाही. दुकानदार वासाच्या तेलाची बाटली गळ्यात मारेल, घेऊ नका. पेंड घरचीच असते.

कासव जिवंत असेल तर दोरीनं उचलू नका. पाठीच्या मागच्या कडेला धरा, मान लांबवून चावतं. गळ गिळला असेल तर ओढू नका, दोरी तोंडालगत कापा आणि सोडा. घरी नेलंत तर वन्यजीव कायद्यात किमान 3 वर्षं कैद आहे. मगरीचं पिल्लू अडकलं तर हातही लावू नका, आई जवळच असते. लांब व्हा आणि वन विभागाला 1926 वर फोन करा.