संकटात विश्वास का सुकतो? या चुका टाळा

आई गेली, त्यानंतरचे कित्येक महिने माझं उत्तर ठरलेलं असायचं. कोणीही विचारलं की म्हणायचे, "प्रभू सांभाळतोय." रविवारची उपासना चुकवत नव्हते, गीतं म्हणत होते, आजाऱ्यांसाठी प्रार्थनाही करत होते. घरी एकटीने गुडघे टेकले की मात्र तोंडातून शब्द फुटायचा नाही. माझा विश्वास आटला, असंच मी धरून चालले होते. आज कळतं की त्या दिवसांत मी देवाशी खरं बोलतच नव्हते.

पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, काही जवळच्या माणसांना करताना पाहिल्या आहेत. सगळ्यांचं मूळ मला एकाच ठिकाणी सापडतं : दुःख जसं आहे तसं आपण देवापुढे नेत नाही. आधी ते नीटनेटकं करू पाहतो.

देवापुढेही "मी ठीक आहे" म्हणणं

स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र घ्या. जेमतेम सहा वचनं, आणि पहिल्या दोनच वचनांत दावीद राजा चार वेळा विचारतो, कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी एखादी आशेची ओळ येईल म्हणून आपण वाचत जातो, पण ती येत नाही. तरीही हे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे, आणि शतकानुशतकं देवाच्या लोकांनी ते प्रार्थना म्हणून म्हटलं आहे. वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी आलेले "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे शब्दही बाविसाव्या स्तोत्राचेच.

"पण ही कुरकुर नाही का?" असं पुष्कळ जण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली तेव्हा देवाला ती आवडली नाही. ती त्यांनी कुठे केली ते पाहा : आपापल्या डेऱ्यांत, एकमेकांपाशी, देवाच्या पाठीमागे. विलाप करणारा माणूस तेच दुःख घेऊन थेट देवासमोर उभा राहतो. तक्रार किती कडू आहे, यापेक्षा ती कोणाला सांगितली जाते याला महत्त्व आहे.

करून पाहण्यासारखं एक काम सांगते. एक वही घ्या आणि तेराव्या स्तोत्राच्या घडणीवर आपलं स्वतःचं स्तोत्र लिहा. आधी देवाला हाक, मग काय दुखतंय ते, मग काय हवं ते आणि शेवटी भरवशाची एक ओळ. भरवशाची ओळ मनातून येत नसेल तर ती जागा कोरी सोडा आणि खाली तारीख टाका. माझ्या वहीत अशी कोरी जागा बरेच आठवडे राहिली होती.

काही सुचतच नसेल तर? मग शब्द उसने घ्या. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा, मन लागो न लागो. बेचाळिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या स्तोत्रांत मिळून "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हा प्रश्न तीनदा येतो. एकदा विचारून भागलं नाही, म्हणून स्तोत्रकर्त्याने तो पुन्हा पुन्हा विचारला. आणि वाचणंही जमत नसेल त्या दिवसासाठी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौलाने लिहून ठेवलं आहे की, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. अशा वेळी देवासमोर गप्प बसणं ही प्रार्थनाच आहे.

"कोणत्या पापाची ही शिक्षा?"

हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. शिष्यांनीही तो विचारला होता. जन्मांध माणसाला पाहून ते म्हणाले, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हा ती माणसं इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती का, यालाही त्याने "नाही" असंच उत्तर दिलं. त्याच दमात त्याने ऐकणाऱ्या सगळ्यांना पश्चात्तापाला बोलावलं, हेही विसरू नये. एखादं पाप मनाला खरोखर टोचत असेल तर ते कबूल करा, क्षमा घ्या. पण दुःखाचा पुरावा धरून नसलेलं पाप शोधत बसू नका. बायबलमधल्या ईयोब नावाच्या नीतिमान माणसावर संकटं कोसळली, तेव्हा त्याच्या मित्रांनी नेमकं तेच केलं आणि त्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाचा राग त्यांच्यावर भडकला. ज्याने देवाला एवढे प्रश्न केले त्या ईयोबाबद्दल मात्र तो म्हणाला की, हा माझ्याविषयी यथार्थ बोलला.

वचन अर्धंच वाचणं

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ हे वचन माहीत नाही असा ख्रिस्ती माणूस विरळा. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. भिंतीवर, कार्डांवर, मोबाइलच्या पडद्यावर, सगळीकडे ते असतं. संकटात आपण ते धरतो आणि मनातल्या मनात पुढे जोडतो, "म्हणजे महिन्याभरात सगळं ठीक होणार." ते झालं नाही की वाटतं, देवाने शब्द मोडला.

आता त्याच्या आधीचं वचन वाचा. तिथे ७० वर्षांचा आकडा आहे. हे पत्र यरुशलेमहून बाबेलला, घरदार हरवून परमुलखात नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. त्याच सुमारास हनन्या नावाचा एक संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता की, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना अर्थातच ते गोड वाटलं असणार. यिर्मयाने मात्र लिहिलं : घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

मला हा अध्याय फार जवळचा वाटतो. हिताचे संकल्प आहेत असं सांगणारा देव त्याच पत्रात परक्या मातीत बी पेरायला सांगतो. सुटकेची वाट बघत बोचकं बांधून उंबरठ्यावर बसलेल्या माणसाचं आजचं जगणं हातचं जातं. आजार लांबला, नोकरी गेली, घरातलं माणूस दुरावलं, तरी या परिस्थितीतच आज कोणतं छोटं काम करता येईल, हे देवाला विचारा. एखाद्याला फोन, रोजचा अर्धा तास वाचन, मुलांबरोबर संध्याकाळची प्रार्थना. नवेपणा बहुधा अशाच कामांतून येतो, आणि आला हे बऱ्याच उशिरा ध्यानात येतं. विलापगीतात करुणा रोज सकाळी नवी होते असं म्हटलं आहे. ते शब्दसुद्धा उद्ध्वस्त यरुशलेमवर रडणाऱ्या पाच अध्यायांच्या बरोबर मधल्या अध्यायात आहेत, आजूबाजूला राखच राख असताना.

म्हणून नियम साधा ठेवा : आधार वाटणाऱ्या प्रत्येक वचनाचा पूर्ण अध्याय वाचायचा. "मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे तुरुंगातून लिहिलेलं आहे, आणि त्याच्या आधीच्या वचनात उपाशी राहायलाही शिकलो आहे असं पौल सांगतो.

शरीराला विसरणं

कर्मेल डोंगरावर खोट्या देवाच्या संदेष्ट्यांवर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूत भाकर आणि पाणी घेऊन आला, एलीयाने खाल्लं, पुन्हा झोपला, पुन्हा उठून खाल्लं. "तुला हा प्रवास झेपायचा नाही" असं देवदूत त्याला म्हणाला. होरेब डोंगरावर त्याने ऐकलेली देवाची शांत, मंद वाणी यानंतर चाळीस दिवसांनी आली.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आठवडेच्या आठवडे उदासी हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता. आणि मन एलीयासारखं मरण मागू लागलं असेल तर आजच, आत्ताच कोणाला तरी सांगा, एकटे राहू नका.

घाईचे नवस, घाईचे निर्णय

यावर थोडक्यात. "एवढं कर, मग मी तमुक करीन" हा सौदा देवाशी करू नका. कृपा विकत मिळत नाही. आणि मन खचलेलं असताना सेवा सोडणं, मंडळी (चर्च) बदलणं, नातं तोडणं असे निर्णय घेऊ नका. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नाशियस या ख्रिस्ती संताने हाच सल्ला दिला होता : मन कोरडं पडलेलं असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. एक अपवाद मी धरते. जिथे मारहाण किंवा छळ होत असेल तिथून बाहेर पडायला मन शांत होण्याची वाट पाहू नका.

बरं वाटल्यावर मंडळीत जाऊ

गेथशेमाने बागेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ थांबायला सांगितलं. "माझ्या जिवाला मरणप्राय खेद झाला आहे" हे त्याने त्यांना उघड सांगितलं. ज्याला सोबतीची गरज नाही असं आपण समजलो असतो, त्यानेच सोबत मागितली.

संशय असेल तर तो घेऊनच जा. येशू मेलेल्यांतून उठला हे ऐकून थोमा या शिष्याने "मी विश्वास धरणारच नाही" असं इतर शिष्यांना तोंडावर सांगितलं होतं. आठ दिवसांनी येशू आला तेव्हा दारं बंद होती, आणि थोमा आत त्यांच्यातच होता. त्याला कोणी बाहेर काढलं नव्हतं, आणि तोही उठून गेला नव्हता.

दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्यांनाही एक विनंती. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांचं तेवढंच बरोबर होतं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

मंडळीतल्या एका वयस्कर मावशींपाशी शेवटी मी बोलून गेले, "मावशी, मला प्रार्थना करता येत नाही." वाटलं होतं, आता वचनं ऐकावी लागणार. त्या म्हणाल्या, "मग तू नुसती बस. मी करते." पुढचे कित्येक गुरुवार मी त्यांच्या खोलीत नुसती बसले. एका गुरुवारी त्यांनी "आमेन" म्हटलं आणि माझ्याही तोंडून ते निघालं.