ट्रेलर विकून जुनी मोटरहोम घेताय? आधी या चुका टाळा

सहा वर्षं आमच्या बोलेरोमागे ट्रेलर कॅरॅव्हॅन होती, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. दिवाळीच्या सुट्टीत उनपदेव, हिवाळ्यात अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूर, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. तोरणमाळला जायचं म्हटलं की ट्रेलर खाली शहाद्यातच ठेवावा लागायचा, त्या वळणांवर तो ओढण्याची छाती नव्हती. मुलं मोठी झाली, आईचे गुडघे कुरकुरायला लागले आणि ठरलं, आता एकच गाडी, आत घर असलेली. नवी परवडणारी नव्हती. मग जुनी शोधायला लागलो.

पहिलीच गाडी बघायला गेलो तेव्हा बायको ओटा बघत होती, मुलं बंकवर चढली होती आणि मी छतावरची सोलर पॅनेल मोजत होतो. सोबत नेलेला एरंडोलचा मिस्त्री तेवढ्या वेळात गाडीखाली झोपून आला, हात पुसले आणि म्हणाला, "भो, तू घर देखी राह्यना का गाडी?"

ट्रेलरवाल्यांची पहिली चूक हीच. ट्रेलरला इंजिन नसतं, गिअरबॉक्स नसतो. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि हूक पाहिला की बाकी सगळं घरच. त्यामुळे नजर आपोआप पडद्यांवर आणि गाद्यांवर जाते. मोटरहोममध्ये पडदे हजारात बदलता येतात, चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा बदलता येत नाही. म्हणून आधी बाहेर आणि खाली बघा, आत सगळ्यात शेवटी.

आपल्याकडच्या जुन्या मोटरहोम बहुतेक टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या गाड्यांवर बांधलेल्या मिळतात. हे आपल्या फायद्याचं आहे. वऱ्हाडाच्या आणि शाळेच्या गाड्या म्हणून त्या गावोगाव धावतात, त्यामुळे क्लच प्लेट बसवणारा माणूस अमळनेरलाही सापडतो. परदेशातून आलेली एखादी देखणी गाडी स्वस्तात मिळत असेल तर तिचा एक ब्रेकपॅड मागवायला किती दिवस लागतात ते आधी विचारा.

इंजिन थंड असताना सुरू झालेलं पाहा. विकणारा गाडी आधीच तापवून ठेवतो, तेव्हा गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. मग लळिंग घाट किंवा कन्नडचा घाट चढवून बघा. एसी चालू, माणसं भरलेली, टाकीत पाणी. सपाट महामार्गावर प्रत्येक गाडी चांगलीच वाटते. चढावर तापमानाचा काटा आणि उतारावर ब्रेकचा वास खरं बोलतात. टायरची नक्षी बघून फसू नका. या गाड्या वर्षातले दहा महिने उभ्याच असतात, नक्षी कोरी आणि रबर म्हातारं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1418 म्हणजे 2018 सालचा चौदावा आठवडा. असा टायर मे महिन्यातल्या धुळे-जळगाव रस्त्यावर केव्हाही फुटेल.

आता मे महिन्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो, खानदेशात जुनी मोटरहोम उन्हाळ्यात विकत घेऊ नका. पारा पंचेचाळीसच्या वर असताना गळकी गाडीसुद्धा आतून खणखणीत कोरडी असते. पण त्याच उन्हाने छतावरचं सीलंट तडकलेलं असतं, आणि मृगाच्या पहिल्या सरीला एसीच्या चौकटीतून पाणी गादीवर येतं. पोळ्याच्या आसपास बघायला जा. तेवढा धीर नसेल तर छतावर पंधरा-वीस मिनिटं पाइपाने पाणी सोडायला लावा. मालक नको म्हणाला तर उत्तर तिथेच मिळालं. मग आत जाऊन एसी, व्हेंट आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतली प्लाय अंगठ्याने दाबा. मऊ लागली, फुगलेली दिसली किंवा कपाटात दमट वास आला, तर पाणी आत मुरलेलं आहे. प्लायमागच्या लोखंडी चौकटीला गंज लागला असेल तर तो उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडल्यावर पैसे मोजताना रडू येतं. एकीकडे नुकताच मारलेला सिलिकॉन दिसला तर तो तिथेच का मारला, एवढं एक विचारा.

कागदांत आम्ही जवळजवळ फसलो होतो. आवडलेली दुसरी गाडी मुळात शाळेची बस होती. कोणीतरी हौसेने आत घर बांधलं, पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, अजून बसच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा मूळ रचनेतला बदल परवानगीशिवाय चालत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच काढते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. आरसीवर वाहनाच्या प्रकारासमोर मोटर कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन लिहिलेलं हवं. "आरटीओत करून देतो, आपली ओळख आहे" म्हणणाऱ्याला सांगा, आधी करून आण, मग पैसे.

पिवळी नंबरपाटी असेल तर ती गाडी पर्यटनाच्या धंद्यात होती. परमिट जमा करणं आणि कराचा फरक भरणं विकणाऱ्याने उरकलेलं असावं. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. त्यात फॉर्म 28 ची एनओसी, इथला कर पुन्हा भरणं आणि धुळे, जळगाव किंवा नंदुरबारचा (एमएच 18, 19 किंवा 39) नवा नंबर हे सगळं धरून हिशेब करा, स्वस्ताई बरीचशी विरघळते. बाकी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर 35. आपला ट्रेलर विकतानाही त्याची स्वतंत्र आरसी असते, ती विसरू नका.

वजनाचा हिशेब मात्र कोणीच करत नाही. ट्रेलरचं ओझं वेगळ्या चाकांवर असायचं, आता सगळं एकाच चॅसीवर. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं अशी दोन वजनं असतात. पण रिकाम्याचा आकडा कधीकधी पलंग-कपाटं बसवण्याआधीचा असतो. गाडी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर न्या, पावती घ्या. समजा काट्यावरचं वजन आणि आरसीवरचं भरलेल्या गाडीचं वजन यांत फरक 500 किलोचा निघाला. पाच माणसं 300, दीडशे लिटर पाणी म्हणजे 150, आणि मालकाने नंतर टाकलेल्या बॅटऱ्या वजनात आधीच आल्या असल्या तरी उरले 50 किलो. त्यात गॅस, भांडी, अंथरुणं आणि आईच्या पापड-कुरडयांचे डबे. आमच्याकडे डबेच जड निघाले. उपाय सोपा आहे, टाकी प्रवासात पाव भरायची आणि मुक्कामी पोचल्यावर पूर्ण.

"सहा जण झोपतात" असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. झोपतात सहा, पण सीटबेल्ट किती? ट्रेलर असताना पोरं बोलेरोत बेल्ट लावून बसायची. मोटरहोममध्ये ती मागे सोफ्यावर लोळणार, आणि ब्रेक दाबला की ओट्यावर आदळणार. पुढे तोंड असलेल्या, बेल्टच्या आणि आरसीवर नोंदलेल्या सीट मोजा. आम्ही एक छान गाडी याच कारणाने सोडली.

एसीची फुशारकी ऐकून घ्या आणि भागाकार करा. एक टनाचा एसी सलग चालला तर साधारण एक किलोवॅट ओढतो, म्हणजे इन्व्हर्टरमार्गे 12 व्होल्टच्या बॅटरीवर नव्वद-शंभर अँपिअर. दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची असते. जेमतेम पाऊण तास निघतो. भुसावळच्या मे महिन्यात रात्र काढायची तर बाहेरची वीज लागणारच. इंजिन रात्रभर चालू ठेवून एसी चालवायचा बेत असेल तर बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत तो सोडा, उभ्या इंजिनाने एक्झॉस्टचा फिल्टर काजळीने भरतो. आणि बंद जागेत धुराचा धोका आहे तो वेगळाच.

गॅस आणि वीज जागेवर तपासा, आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर आत मावतं का ते मोजून घ्या. घरगुती मोठा सिलिंडर आत ठेवलेला दिसला तर समजा बाकी कामही त्याच हाताने झालंय. गॅस हवेपेक्षा जड असतो, तेव्हा सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवंच.

गाडी घरी आल्यावर कटकटी सुरू होतील, त्यातल्या तीन आमच्या वाट्याला आल्या. चालताना घरची बॅटरी चार्ज होत नव्हती. दोष बॅटरीत नव्हता, इंजिनाच्या आणि घरच्या बॅटरीमधला फ्यूज गेलेला होता. नवी बॅटरी घेण्याआधी तो बघा. नळ बंद असूनही पंप अधूनमधून गुरगुरत होता, म्हणजे कुठेतरी ठिबक. आम्हाला ती सिंकखाली सापडली. आणि गॅसवर चालणारा फ्रिज उन्हात थंडच होईना. तसले फ्रिज गाडी तिरकी उभी असली किंवा फार ऊन असलं की हार मानतात. आम्ही 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला बसवला.

गाडी वळवताना एक लक्षात ठेवा. ट्रेलर वळणाच्या आतल्या बाजूला घासायचा, मोटरहोमचं शेपूट बाहेरच्या बाजूला फिरतं. पहिल्या आठवड्यात मी पाचोऱ्यात एका पानटपरीचं छप्पर हलवलं. रेल्वेच्या खालच्या बोगद्यापाशी उंचीचा आडवा दांडा दिसला की थांबा, एसीसकट आपली उंची किती ते डॅशबोर्डवर लिहून चिकटवा.

ट्रेलर असताना तो मुक्कामी सोडून बोलेरो घेऊन बाजारात जाता यायचं. पाटणादेवीला पहिल्याच सकाळी दूध संपलं. मग चाळीसगावला जायला ताडपत्री गुंडाळा, वीज काढा, कपाटांना कड्या लावा. कड्या लावल्या, पण ओट्यावरची शेवभाजीची कढई राहिली. पहिल्याच गतिरोधकाला तर्री पडद्यावर. हजारात बदलता येतात म्हटलं ना, ते तेव्हाच बदलले.