भुजंगप्रयात पाठ आहे, पण ओळखता येत नाही?

बी. ए.च्या तोंडी परीक्षेत मला भुजंगप्रयात या वृत्ताचं, म्हणजे कवितेच्या ओळीतल्या अक्षरांच्या ठरलेल्या चालीचं, लक्षण विचारलं. मी घडाघडा सांगितलं: ओळीत १२ अक्षरं, चार य-गण. "उदाहरण द्या." मी मूग गिळून बसले. लहानपणापासून रोज तिन्हीसांजेला आजीच्या मांडीशी बसून मनाचे श्लोक म्हटलेली मी! शेवटी सरांनीच ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी व्याख्यांची वही आधी मिटायला लावते.

वृत्त ओळखायचंय? ओळ आधी मोठ्यानं म्हणा, मग लिहा. ऱ्हस्व अक्षर लघु, एक मात्रा; दीर्घ अक्षर गुरू, दोन मात्रा. लघूवर अर्धचंद्र काढा, गुरूवर आडवी रेघ. ‘पंथे’तल्या ‘पं’सारखं अनुस्वाराचं अक्षरही गुरूच. घोटाळा होतो तो जोडाक्षरापाशी. ‘सज्जना’ म्हणताना ‘स’वर जोर पडतो, म्हणून तो गुरू. आता ‘तुझ्या’ म्हणून पाहा. ‘तु’वर काही आघात येत नाही, तो लघूच राहतो. जोडाक्षर दिसलं रे दिसलं की मागच्या अक्षरावर रेघ ओढणारे इथेच फसतात. म्हणूनच आधी मोठ्यानं म्हणा.

मग तीन-तीन अक्षरं तोडा, असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक गण: मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावे. तुकड्यांना अर्थ नाही, नसू दे. चारही ठिकाणी लघु-गुरू-गुरू येतं, म्हणजे चार य-गण. (‘भक्ति’तला ‘भ’ का गुरू, ते आता तुम्हीच सांगा.) गणांसाठी ‘यमाताराजभानसलगा’ एवढं एक सूत्र पुरतं. हव्या त्या गणाच्या अक्षरापासून तीन अक्षरं उचलायची. य-गण: य-मा-ता, लघु-गुरू-गुरू. र-गण: रा-ज-भा, गुरू-लघु-गुरू. आठही गण त्यातच बसलेत.

अभंगाला मात्र ही रेघोट्यांची उठाठेव नको. तो अक्षरछंद, बोटांवर मोजा. तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ घ्या. सहा, सहा, सहा, चार. ‘ध्या’ हे एकच अक्षर धरायचं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात ‘विटेवरी–कटावरी’ हे यमक. ज्ञानेश्वरीतली ओवी एवढ्या शिस्तीत चालत नाही. पहिले तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा आखूड, आणि अक्षरं कमीजास्त.

अलंकारांसाठी मी स्वयंपाकघरात जाते. भाकरी हे उपमेय, म्हणजे जिच्याबद्दल बोलायचंय ती. चंद्र हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो. आता वाक्य बदलत जा. ‘भाकरी चंद्रासारखी गोल’: उपमा. गोलपणा हे साधर्म्य, ‘सारखी’ हा ते दाखवणारा शब्द. ‘भाकरी म्हणजे जणू चंद्रच’: उपमेय जणू उपमानच आहे अशी कल्पना केली, उत्प्रेक्षा. ‘तव्यावरचा भाकरीचंद्र फुगला’: दोघं एकरूप झाली, रूपक. ‘ही भाकरी नव्हे, हा चंद्रच’: उपमेयच नाकारलं, अपन्हुती. ‘चंद्राहूनही गोल भाकरी’: उपमेयानं उपमानावर मात केली, व्यतिरेक. माझी भाकरी उपमेपर्यंतही पोचत नाही. व्यतिरेक आईच्या भाकरीसाठी राखून ठेवलाय.

प्रतिमा आणि प्रतीक यांची गल्लत फार होते. कवितेत तवा तापलेला दिसला, चटका जाणवला, तर ती प्रतिमा. तोच तवा कवितेत पुन्हापुन्हा येऊन एखाद्या बाईच्या अख्ख्या आयुष्याबद्दल बोलायला लागला की प्रतीक.

आणि ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’, ‘भासे’ दिसल्याबरोबर उत्प्रेक्षा लिहून मोकळे होऊ नका. ‘तो उद्या येईल असे वाटे’ यात ‘वाटे’ आहे, पण उपमान कुठंय? आधी ओळीत उपमेयाखाली एक रेघ मारा, उपमानाखाली दुसरी. दुसरी रेघ मारायला जागाच सापडली नाही, तर उत्प्रेक्षा खोडा.