बेसबॉल संघाचा फलंदाजीचा क्रम कसा ठरवावा

क्रिकेटमध्ये सामना चालू असताना कर्णधार फलंदाजीचा क्रम बदलू शकतो. धावगती वाढवायची असेल तर खालच्या फटकेबाजाला वर पाठवतो, संध्याकाळी विकेट पडली तर नाइट वॉचमन धाडतो. बेसबॉलमध्ये ही मुभा नाही. सामन्याआधी नऊ नावांचं कार्ड अंपायरच्या हाती दिलं की शेवटचा गडी बाद होईपर्यंत तोच क्रम फिरत राहतो. पहिली इनिंग पाचव्या फलंदाजावर संपली, तर दुसरी सहाव्यापासून सुरू होते आणि नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो. बदली खेळाडूलाही ज्याच्या जागी आला त्याचाच नंबर मिळतो. म्हणून विचार करायचा तो कार्ड भरण्याआधी.

मी फिलाडेल्फियाच्या पलीकडच्या काठावर, न्यू जर्सीत राहतो आणि शनिवारी दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या संघाचा क्रम लावतो. सुरुवातीला मी क्रिकेटच्याच सवयीने, म्हणजे ‘सलामीला कोण, फिनिशर कोण’ असा क्रम लावायचो. तो विचार इथे चालत नाही, हे कळायला एक अख्खा मोसम गेला.

आधी हे लक्षात घ्या: तुमच्याकडे 27 बाद आहेत

नऊ इनिंग, प्रत्येकी तीन बाद. बेसबॉलमधलं भांडवल एवढंच. चेंडूंची मर्यादा नाही, षटकं नाहीत. जो फलंदाज बाद न होता बेसवर (धाव पूर्ण करण्यासाठी क्रमाने गाठायच्या टप्प्यावर) पोहोचतो, तो संघाचं भांडवल राखतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणाचा नंबर किती वेळा लागतो. सामना नऊपैकी कोणत्याही जागेवर संपू शकतो. म्हणजे एक पायरी खाली उतरलं की साधारण दर नऊ सामन्यांमागे एकदा खेळायची संधी हुकते. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या (सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या) 162 सामन्यांच्या मोसमात एका पायरीला 18 संधी होतात आणि पहिल्या-नवव्यात जवळजवळ 144 चा फरक पडतो. चांगल्या फलंदाजाला ‘पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून खाली ठेवणं किती महाग पडतं, ते या एका हिशेबातून दिसतं.

पहिली पायरी: प्रत्येकाचे दोन आकडे काढा

एक ऑन-बेसचा. हिट्स (फटका मारून गाठलेले बेस), वॉक्स आणि अंगाला चेंडू लागून मिळालेले बेस यांची बेरीज करा आणि एकूण किती वेळा खेळायला आला त्याने भागा. (पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर, म्हणजे मारता येण्याजोग्या पट्ट्याबाहेर, टाकले आणि फलंदाजाने ते सोडले की पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक.) दुसरा आकडा स्लगिंगचा. सिंगलचा एक, डबलचे दोन, ट्रिपलचे तीन, होम रनचे चार बेस धरून बेरीज करायची आणि वॉक वगैरे वगळून उरलेल्या संधींनी भागायचं.

समजा दोन मुलं प्रत्येकी 40 वेळा खेळली. पहिल्याच्या 9 सिंगल्स, 6 वॉक्स आणि एकदा अंगाला लागलेला चेंडू: ऑन-बेस 16 भागिले 40, म्हणजे 0.400. स्लगिंग मात्र 9 भागिले 33, जेमतेम 0.273. दुसऱ्याचे 12 हिट्स, त्यात 4 डबल, 1 ट्रिपल, 2 होम रन, पण वॉक एकही नाही: ऑन-बेस 0.300, स्लगिंग 0.600. नुसती सरासरी (वॉक वगैरे वगळून उरलेल्या संधींमागे हिट्स) पाहिली तर दुसरा सरस. पण दर दहा वेळांत चारदा बेसवर उभा राहतो तो पहिला. ही दोन मुलं क्रमात कुठे बसतात, ते आता पाहू.

पहिला क्रमांक: जो बाद होत नाही तो

इथे पळण्याचा वेग पाहायची जुनी पद्धत आहे. वेग हवाच, पण बेसवर पोहोचल्याशिवाय पळणार कुठे? वरच्या उदाहरणातला पहिला मुलगा इथला. रिकी हेंडरसनच्या नावावर 1,406 चोरलेले (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले) बेस आहेत आणि तो विक्रम आजही अबाधित आहे. लोक त्याचे पाय आठवतात, पण त्याने 2,190 वॉक्सही मिळवले होते आणि त्याचा कारकिर्दीचा ऑन-बेस 0.401 होता.

आमच्या फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाचा काइल श्वार्बर 2023 मध्ये सलामीला खेळायचा. सरासरी 0.197, दिसायला भलामोठा, धावण्यात सामान्य. स्टँडमधले लोक वैतागायचे. पण त्या वर्षी त्याने 126 वॉक्स घेतले आणि 47 होम रन मारले, ऑन-बेस 0.343. पुढच्या वर्षी सामन्याच्या आरंभीच होम रन मारण्याचा एका मोसमातला विक्रम त्याने केला: 15 वेळा. मला हा निर्णय तेव्हाही पटला होता.

दुसरा आणि चौथा

तुमचे सर्वोत्तम तीन फलंदाज पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागांवर हवेत. दुसऱ्यावर बंट करून (बॅट नुसती चेंडूला टेकवून) आधीच्याला पुढे सरकवणारा ‘समंजस’ खेळाडू ठेवायची रीत होती, पण तिथे हाती असलेला एक बाद आपणच देऊन टाकतो. 2022 मध्ये 62 होम रन करणारा अ‍ॅरन जज त्या मोसमात बहुतेक वेळा दुसरा किंवा पहिला खेळला. चौथ्यावर, म्हणजे क्लीनअपला, लांब फटके मारणारा. वरच्या उदाहरणातला दुसरा मुलगा इथला.

तिसरा

याबद्दल लोकांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. तिसरा क्रमांक मानाचा. न्यू यॉर्कच्या यांकीज संघाने 1929 मध्ये पाठीवर नंबर लावले ते फलंदाजीच्या क्रमानुसार, म्हणून बेब रूथ 3 आणि लू गेहरिग 4. पण तिसरा फलंदाज वारंवार दोन बाद आणि बेस रिकामे अशा वेळी खेळायला येतो. चौथ्या आणि पाचव्याला बेसवर माणसं जास्त मिळतात, तिसऱ्याच्या वाट्याला त्यामानाने कोरडी परिस्थिती येते. म्हणून संघात गुणवत्तेने चौथा किंवा पाचवा असलेला फलंदाज तिथे चालतो, त्याच्या जोडीचा पाचव्या जागेवर.

सहा ते नऊ

उतरत्या गुणवत्तेने लावा, फार डोकं चालवू नका. अपवाद नवव्याचा. त्याच्यामागून लगेच पहिला येतो, त्यामुळे तिथे बरा ऑन-बेस असलेला कोणी ठेवला तर वरच्यांना बेसवर माणूस मिळतो. व्यवस्थापक टोनी ला रूसाने 1998 मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सच्या पिचरला नवव्याऐवजी आठव्यावर खेळवलं ते याच कारणाने. आता पिचरचा प्रश्नच उरला नाही: 2022 पासून मेजर लीगच्या दोन्ही विभागांत त्याच्याऐवजी ठरावीक फलंदाज खेळतो.

डावरे-उजवे

डावऱ्या फलंदाजाला उजव्या हाताच्या पिचरचा चेंडू नीट दिसतो, उलटही तसंच. सलग तीन डावरे ठेवले की समोरचा संघ डावरा पिचर आणून तिघांनाही एकदम बांधतो. 2020 पासून मेजर लीगमध्ये नव्या पिचरला निदान तीन फलंदाजांना किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावंच लागतं, त्यामुळे डावरे-उजवे आलटूनपालटून ठेवले तर त्याच्या वाट्याला एखादा तरी गैरसोयीचा फलंदाज येतोच. दोघं सारख्या तोडीचे असतील तेव्हाच हा विचार करा. नुसत्या आलटापालटीसाठी चांगल्याला खाली ढकलू नका.

मुलांचा संघ असेल तर

बऱ्याच मुलांच्या लीगमध्ये हजर असलेली सगळी मुलं, बारा असली तरी, क्रमाने खेळतात. तिथे मी नवखी तीन मुलं सलग शेवटी ठेवत नाही. एकदा ठेवली होती. तिघंही लागोपाठ बाद झाली, इनिंग संपली आणि तिघांचे चेहरे पडले. आता दोन पक्क्यांमध्ये एक नवखा असा बसवतो. हिशेबात थोडं नुकसान होत असेल, पण दहा वर्षांच्या पोराने पुढच्या शनिवारी मैदानावर यावं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एवढं करून फायदा किती? मेजर लीगच्या अख्ख्या मोसमात साधा क्रम आणि उत्तम क्रम यांत 10-15 धावांचा, म्हणजे एखाद-दुसऱ्या विजयाचा फरक धरला जातो. व्यवस्थापक बिली मार्टिनने 1972 मध्ये डेट्रॉइट संघाचा क्रम टोपीतून चिठ्ठ्या काढून लावला आणि तो सामना जिंकलाही. म्हणून दोन सामने हरले की कार्ड उलटंपालटं करू नका. आठ-दहा सामन्यांनी आकडे पुन्हा काढा, मग हलवा.

कार्ड देण्याआधी मात्र नावं दोनदा वाचा. चुकीचा फलंदाज खेळून गेला आणि पुढच्या फलंदाजाला पहिला चेंडू पडण्याआधी समोरच्यांनी हरकत घेतली, तर ज्याचा नंबर होता तो बाद आणि फटक्यावर पुढे गेलेले सगळे मागे. माझ्याकडून एकदा हे झालं आहे. तेव्हापासून कार्डाची एक प्रत डगआउटच्या (खेळाडू बसतात त्या जागेच्या) कुंपणाला मुलांच्या उंचीवर लावतो आणि दर इनिंगला पुढची तीन नावं मोठ्याने वाचतो.