मालवणचा तळ एका वर्षात सपाट कसा झाला? (सेंटिनेल-२ उपग्रह, माझा अनुभव)

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांचा नकाशा करताना उपग्रह-प्रतिमेतल्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्यांच्या (बँड) लॉग गुणोत्तरातून पाण्याची खोली काढतो. डिसेंबर २०२१ची प्रतिमा ठीक होती. डिसेंबर २०२२ची मात्र अख्खी फिकी, गुणोत्तर सगळीकडे १च्या आसपास, खडक आणि वाळू एकच!

आधी भरती-ओहोटी तपासली, मग पाण्यावरची चकाकी काढली, वातावरणीय दुरुस्ती (हवेचा परिणाम काढणं) पुन्हा चालवली. तीन आठवडे फुकट गेले.

दोष समुद्राचा नव्हता. २५ जानेवारी २०२२पासून सेंटिनेल-२च्या प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. जमिनीवर ते तुलनेने कमी जाणवतं. पाण्याचे आकडे मुळात दोन-चारशे, तिथे वाट लागते.

उपाय, याच क्रमाने: फाइलच्या नावात 'एन' (N) नंतरचे चार अंक, म्हणजे प्रक्रियेची आवृत्ती, बघा. ०४०० किंवा पुढचे असतील तरच वजाबाकी करायची. तारखेवर जाऊ नका, जुन्या प्रतिमाही नव्याने प्रक्रिया होऊन आल्यात. शून्य असलेले पिक्सेल रिकामे, ते आधी झाका (हिशोबातून वगळा). मग प्रत्येक पट्ट्यातून १००० वजा, मग १०,०००ने भाग. ऋण किंवा शून्य आलेले पिक्सेलही झाका, नाहीतर लॉग अडतो. चकाकी आणि गुणोत्तर त्यानंतरच.

गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये (उपग्रह-प्रतिमांवर काम करायची ऑनलाइन सेवा) 'हार्मोनाइज्ड' संग्रह घेतलात तर वजाबाकी झालेली असते. पुन्हा करू नका (मी केली होती).