‘सुनील’ आणि ‘सुशील’ एकच माणूस कसे झाले? याद्या जुळवताना या चुका टाळा

ऑनलाइन सराव परीक्षा घेणाऱ्या एका क्लासचं काम माझ्याकडे आलं होतं. तीन याद्या होत्या: प्रवेशाचा फॉर्म, फी जमा झाल्याची नोंद आणि परीक्षेच्या पोर्टलवरून उतरवलेले गुण. मुलं तीच, पण नावं तीन तऱ्हेची. आधी काम करणाऱ्याने मोबाइल नंबर बघून याद्या जोडल्या आणि काम झालं म्हणून सोडून दिलं. निकालाच्या दिवशी एका घरातल्या थोरल्या बहिणीचे गुण धाकट्या भावाच्या नावावर गेले, कारण दोघांच्या फॉर्मवर नंबर बाबांचा. भावाची काही तक्रार नव्हती. बहिणीची होती.

ऑनलाइन दुकान असो की क्लास, ही जुळवाजुळव कुणाला चुकत नाही. तीच ग्राहक दोनदा नोंदली जाते, तेच पुस्तक दोन किमतींना विक्रीला दिसतं, एकाच विद्यार्थ्याची दोन खाती तयार होतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘नव्वद टक्के सारखं असेल तर एक समजा.’ बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. किती फरक आहे हे यंत्र सांगतं. पण तो फरक कसला आहे, हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

तुलनेच्या आधीच बिघडलेला माल

आधी एक्सेल. ९१ जोडलेला मोबाइल नंबर बारा आकडी होतो. रकाना साधा ठेवला तर एक्सेल तो ‘९.१९ ई+११’ अशा अवतारात दाखवतं, आणि तशीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) म्हणून साठवली की मधले आकडे कायमचे गेले. नंबराचा रकाना फाइल उघडतानाच ‘टेक्स्ट’ करून घ्या, नंतर केलात तर उपयोग नाही. वेबपेजवरून उचललेल्या मजकुरात कधीकधी वेगळ्या जातीची मोकळी जागा असते आणि ती एक्सेलच्या ट्रिम या मोकळ्या जागा काढणाऱ्या सूत्राने जात नाही. दोन नावं डोळ्यांना हुबेहूब दिसतात, तरी सूत्र ‘नाही’ म्हणतं, तेव्हा पहिला संशय हिच्यावर घ्या.

एका यादीतली नोंद दुसरीत शोधणाऱ्या व्हीलुकअप या सूत्राची गंमत वेगळीच. त्याच्या चौथ्या जागी काही लिहिलं नाही तर ते ‘अंदाजे जुळणी’ करतं. पुष्कळांना वाटतं, म्हणजे मिळतंजुळतं नाव शोधतं. तसं नाही. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं गृहीत धरून ते शोधायच्या मजकुरापेक्षा किंवा आकड्यापेक्षा मोठी नसलेली सगळ्यात जवळची नोंद उचलतं. वजनावरून कुरिअरचा दर काढायला हे उत्तम. नावासाठी वापरलंत तर भलत्याच माणसाची फी भलत्याच्या नावावर पडेल, आणि एररही येणार नाही. तिथे न विसरता ‘फॉल्स’ लिहा.

आता देवनागरी. ‘ॲप’ हा शब्द घ्या. कुणाच्या कीबोर्डवर ‘ॲ’ हे एकसंध अक्षर असतं, कुणी अ काढून त्यावर चंद्र ठेवतो. दिसायला एकच, पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी लिखाणं आहेत, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, त्यांना एक करत नाही. तो बदल स्वतःच नियम लिहून करावा लागतो. ‘कऱ्हाडे’मधला ऱ एकसंध किंवा र खाली टिंब देऊन लिहिलेला असेल तर एनएफसी सांभाळून घेतं, पण तोच आकार अदृश्य जोडचिन्ह घालून काढलेला असेल तर नाही. ‘दुःख’मधल्या विसर्गाच्या जागी कोलन टाइप करणारे तर घरोघरी आहेत. शिवाय जुन्या डीटीपी फॉन्टांत बनवलेली यादी असेल तर पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा काला असतो. अशी यादी आधी युनिकोडमध्ये आणायची, मगच बाकीचं.

सगळ्यात लबाड चूक साफसफाईच्या कोडमध्ये बसलेली असते. ‘अक्षर आणि आकडा सोडून सगळं काढून टाक’ ही ओळ नेटवर हजार ठिकाणी मिळते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या नेहमीच्या रेगएक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीत) काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त हे ‘अक्षर’ धरलेच जात नाहीत. त्यामुळे मीना, मोना आणि मनू या तिघींचं ‘मन’ होतं. जावास्क्रिप्टमध्ये तीच ओळ सरळ चालवली तर देवनागरी नाव अख्खंच पुसलं जातं आणि रिकामं उरतं. मग रिकामं बरोबर रिकामं, म्हणजे शंभर टक्के जुळणी. ‘आमच्याकडे सगळेच डुप्लिकेट निघाले’ असा फोन आला की मी आधी ही ओळ शोधतो.

अंतर मोजणारं सूत्र काय मोजतं?

दोन शब्दांमधलं अंतर मोजायची सर्वात परिचित रीत व्लादिमीर लेवेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाची, १९६५ सालची. एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, तेवढं अंतर. सोपं आहे. पण ‘सुनील’ आणि ‘सुनिल’ यांतलं अंतर १, आणि ‘सुनील’ आणि ‘सुशील’ यांतलंही १. पहिल्या जोडीत फक्त शुद्धलेखनाचा प्रश्न आहे, दुसऱ्या जोडीत माणूसच बदलला.

त्याहून मजेशीर प्रकार पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालणाऱ्या दुकानांत होतो. तिथलं लेवेनश्टाइन फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, म्हणजे संगणक अक्षर ज्या तुकड्यांत साठवतो ते. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांच्यात दोन बाइटचा फरक पडतो, तर न आणि श यांच्यात एकाचाच. त्यामुळे या फंक्शनच्या मते सुनील हा सुनिलपेक्षा सुशीलला जास्त जवळचा! असं उलटं उत्तर येत असेल तर कटऑफ (किती साम्याला जोडी मानायची तो आकडा) हलवत बसू नका, अक्षरांवर चालणारं फंक्शन घ्या.

यावर मी करतो ते असं: तुलनेपुरती नावाची एक वेगळी प्रत बनवायची. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ एक करायचे, अनुस्वार आणि परसवर्ण (‘चंपा’ आणि ‘चम्पा’) एक करायचे, ‘श्री’, ‘सौ.’, ‘डॉ.’ काढायचे. मूळ नावाला हात लावायचा नाही. या प्रतीत सुनील-सुनिल अंतर शून्य होतं आणि सुशील एकावर राहतो. नियम शहाणपणाने निवडले की निम्मं काम सूत्राविनाच होतं.

रोमन लिपीतल्या नावांसाठी बरेच जण साउंडेक्स वापरतात, म्हणजे सारख्या उच्चाराच्या नावांना सारखा कोड देतात. अमेरिकेत १९१८ साली पेटंट झालेली ही रीत तिथल्या आडनावांसाठी घडवलेली. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, जास्तीत जास्त तीन. आपली आडनावं तिच्यात घालून बघा. कुलकर्णी आणि केळकर, दोघांचा कोड के-४२६. जोशी आणि जोग, दोघांचा जे-२००. उलट ‘वाघ’ हे एकच आडनाव व्हीने लिहिलं तर व्ही-२०० आणि डब्ल्यूने लिहिलं तर डब्ल्यू-२००, म्हणजे परके. मराठी याद्यांसाठी रोमन नाव आधी आपल्या उच्चाराच्या नियमांनी सरळ करा: व्ही-डब्ल्यू एक, शेवटचा जोड-ई आणि आय एक, ‘एए’ आणि ‘ए’ एक. वीस-पंचवीस नियम पुरतात.

पूर्ण नाव एकाच रकान्यात

आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी, यूपीआयवर बँकेत जसं असेल तसं, फॉर्मवर मनाला येईल तसं. सलग मजकूर म्हणून तुलना केली तर क्रम बदलल्यामुळेच साम्याचा स्कोअर कोसळतो. शब्द सुटे करा, वर्णक्रमाने लावा, मग तुलना करा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला आहे. ही मुलं शाळेच्या ॲपवर येतील तेव्हा ‘तिसरा शब्द म्हणजे आडनाव’ असं गृहीत धरणारं कोड गडबडेल.

लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, कधी पहिलंही. तिथे नावातलं साम्य काही सांगू शकत नाही. जन्मतारीख, ईमेल, जुना नंबर हेच बोलतात. आणि साम्याने न सुटणाऱ्या गोष्टींसाठी पर्यायांचा साधा तक्ता ठेवा: उस्मानाबाद म्हणजे धाराशिव, अहमदनगर म्हणजे अहिल्यानगर, कऱ्हाड म्हणजे कराड. उस्मानाबाद आणि धाराशिव यांच्यात कुठलंही सूत्र नातं शोधू शकणार नाही.

एका अक्षराने गाव बदलतं

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव खुर्दही आहे. पत्त्यात लोक ‘वडगाव बु.’ आणि ‘वडगाव खु.’ असं लिहितात. एका अक्षराचा फरक, साम्याचा स्कोअर ९०च्या आसपास, आणि पार्सल दुसऱ्या गावात. पुस्तकांच्या दुकानात हेच ‘भाग १’ आणि ‘भाग २’ करतात, क्लासच्या यादीत ‘इयत्ता नववी’ आणि ‘इयत्ता दहावी’. नाव जितकं लांब, तितका हा निर्णायक तुकडा स्कोअरमध्ये बुडून जातो. म्हणून भाग, इयत्ता, माध्यम, वजन, बुद्रुक-खुर्द हे तुकडे नावातून उपसून वेगळ्या रकान्यात ठेवा आणि तिथे अट घाला: दोन्हीकडे भरलेले आणि वेगळे असतील तर जोडी बाद, बाकी कितीही सारखं असो. ‘५०० ग्रॅम’ आणि ‘अर्धा किलो’ मात्र आधी एका मापात आणा.

पुस्तकांना आयएसबीएन असतो म्हणून निर्धास्त राहू नका. २००७पासून तो तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता. जुन्या पुस्तकाचा नंबर एका यादीत दहा आकडी, दुसरीत तेरा आकडी असतो. नुसतं पुढे ९७८ लावून भागत नाही, कारण शेवटचा तपासणीचा अंक नव्याने काढावा लागतो. जीएसटी क्रमांकाचंही असंच. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्र २७ आणि गोवा ३०, आणि पुढची दहा चिन्हं पॅनची. पुण्यात आणि पणजीत शाखा असलेल्या एकाच घाऊक खरेदीदाराचे क्रमांक वेगळे दिसतील. तो एकच आहे का, हे मधल्या दहांवरून कळेल.

१ जूनचा वाढदिवस

आपल्याकडे कित्येक वडीलधाऱ्यांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. ज्येष्ठ नागरिकांच्या एखाद्या ऑनलाइन वर्गाच्या यादीत दोघांची जन्मतारीख १ जून निघाली तर तो पुरावा कमजोर. १७ ऑक्टोबर निघाली तर भक्कम. आडनाव पाटील जुळणं आणि वऱ्हाडपांडे जुळणं यांतही हाच फरक. आयव्हन फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी १९६९ साली या विचाराला गणिती चौकट दिली, आणि आजची बरीच साधनं तीच वापरतात. त्यांतलं स्प्लिंक ब्रिटनच्या न्याय मंत्रालयात तयार झालं आणि फुकट मिळतं. एखादा रकाना योगायोगाने जुळण्याची शक्यता जितकी कमी, तितकं त्याच्या जुळण्याला वजन जास्त. सगळ्या रकान्यांना सारखं वजन देऊन सरासरी काढणं ही फार ठिकाणी दिसणारी चूक.

रिकामे रकाने, ‘लागू नाही’, दहा वेळा ९ लिहिलेला मोबाइल, यांना जुळणी समजू नका, विसंगतीही समजू नका. माहिती नाही, एवढंच.

कटऑफ आणि फसवी अचूकता

एक्सेलच्या पॉवर क्वेरी या याद्या जोडायच्या साधनातली अंदाजे जोडणी ०.८० या कटऑफवर सुरू होते. तो आकडा तुमच्या यादीकडे बघून ठरवलेला नाही. तुमच्या यादीतल्या दोनशे जोड्या काढा, विशेषतः मधल्या स्कोअरच्या, आणि हाताने ठरवा. मग दोन कटऑफ ठेवा: वरच्याच्या पुढे आपोआप जोडायचं, खालच्याच्या मागे सोडायचं, मधलं माणसाने बघायचं.

आणि ‘९९.९ टक्के अचूक’ असं कुणी सांगितलं तर हिशेब मांडा. दहा हजार नोंदींच्या यादीत ४,९९,९५,००० जोड्या होतात. त्यांतल्या खऱ्या जोड्या ३०० असतील, तर काहीही न करता सगळ्यांना ‘वेगळे’ म्हणणारा प्रोग्रामही ९९.९९९ टक्क्यांच्या वर जातो. विचारायचे प्रश्न दोनच: जोडलेल्यांपैकी बरोबर किती, आणि खऱ्यांपैकी सापडले किती.

या पाच कोटी तुलना टाळायला यादीचे गट पाडतात, बहुधा पिनकोडवर. मग घर बदललेला ग्राहक स्वतःलाच कधी भेटत नाही. दोन वेगवेगळे गट पाडा, एकदा पिनकोडवर, एकदा जन्मसालावर, आणि कुठल्याही एका गटात सापडलेली जोडी तपासा.

जोडलं ते सोडवता यावं

नोंदी एक करताना जुनी ओळ पुसून टाकू नका. प्रत्येक ओळीला तिचा क्रमांक राहू द्या, ‘ही त्या माणसाची’ एवढी खूण वेगळ्या रकान्यात करा, आणि कुठल्या कारणाने जोडली तेही लिहा. साखळीकडेही लक्ष ठेवा. अ आणि ब नंबरावरून जुळले, ब आणि क पत्त्यावरून, म्हणजे अ आणि क एक झाले असं नव्हे. एका वसतिगृहाचा पत्ता असा पन्नास मुलांना एकात ओवू शकतो. एका गटात पाचापेक्षा जास्त नोंदी आल्या की मी तो गट उघडून बघतोच.

त्या बहीण-भावाच्या यादीत कारणाच्या रकान्यात ‘फक्त मोबाइल’ असं लिहिलेल्या जोड्या वेगळ्या काढल्या आणि पहिलं नाव वेगळं असेल तिथे जोड सोडवला. आणखी अकरा घरं निघाली, त्यांतली दोन जुळ्यांची. जुळ्यांची जन्मतारीखही एकच, इयत्ताही एकच. त्यांच्या आईंना फोन करून विचारलं.