शाळेत समुपदेशक होणार असाल तर आधी सिक रूमची वही मागा

मानसशास्त्रात एम.ए. करून शाळेत रुजू झाले, तेव्हा माझं काम म्हणजे दार लावून एकेका मुलाशी बोलणं, एवढीच माझी कल्पना होती. पहिल्या सहामाहीत सिक रूममधल्या मावशींची वही सहज चाळली. आठवी-नववीच्या मुलींची डोकेदुखी, पोटदुखी, लघवीला जळजळ. नोंदी बहुतेक दुपारच्या. त्यातल्या दोघी माझ्याकडे ‘वर्गात लक्ष नसतं’ म्हणून आलेल्या होत्या.

पुन्हा बोलल्यावर उलगडा झाला. मुली सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. स्वच्छतागृहाच्या दोन दारांना कडी नव्हती, तास चालू असताना बाहेर सोडत नव्हते आणि मधल्या सुट्टीत रांग संपायची नाही. अशा मुलीला एकाग्रतेचे उपाय शिकवून काय होणार?

मी एका कागदावर महिना, इयत्ता आणि तक्रारींची संख्या मांडली, नावं पूर्ण गाळली आणि तो मुख्याध्यापिकाबाईंना दिला. कड्या आठवड्यात बसल्या. ‘विचारलं की जाऊ द्यायचं’ हा नियम व्हायला मात्र दिवाळी उजाडली. काही शिक्षकांना वर्ग हातातून जाईल अशी भीती होती आणि ती खोटी नव्हती. त्यांच्याशी स्वतंत्र बसून बोलावं लागलं. शाळेचं आरोग्य धोरण असं घडतं, आणि ते घडवायला लागणारी माहिती बरेचदा फक्त आपल्याकडे असते.

कायद्याची तोंडओळख हवीच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही मना करतं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना द्यावीच लागते, म्हणून ‘कुणाला सांगणार नाही’ असा सरसकट शब्द मुलाला देऊ नका. मर्यादा पहिल्याच भेटीत सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वर्गात ठळक लावायलाही. व्यवस्थापनासमोर हा निकाल ठेवा. झोपेवर बोलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाचा २०२४ चा निर्णय हाताशी असू द्या: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत.

अध्ययन अक्षमतेचं (उदा. डिस्लेक्सियाचं) प्रमाणपत्र मात्र आपण देत नाही. बोर्डाच्या सवलतींसाठी ते अधिकृत रुग्णालयातूनच आणावं लागतं. पालकांची तिथवर नीट गाठ घालून द्या.

जूनमध्ये रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात वही मागा. नसेल तर मावशींना रकाने आखून द्या: तारीख, वेळ, नाव, इयत्ता, तक्रार. नाव त्यांच्या वहीतच राहू द्या, तुमच्या कागदावर उतरवू नका.